एक चूक मुद्दाम

भिंगरीच्या आईचं आणि गणिताचं कधी जमलं नाही. शाळेत असताना फळ्यापाशी बोलावलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि शाळा सुटल्यावर तिने गणिताकडे पाठ फिरवली ती कायमचीच. आपल्या डोक्यात तो कप्पाच बसवायचा राहिलाय, असं ती येईल जाईल त्याला हसत हसत सांगायची. त्या हसण्यात थोडी लाज होती, पण ती कुणाला दिसू नये इतपत आवाज मोठा ठेवायची तिला सवय होती.

तिचा नवरा फोटोंना आणि चित्रांना चौकटी करायचा. गल्लीत त्याला सगळे फ्रेमवाला म्हणत. पुढे दुकान, मागे घर, आणि मधलं दार सदा उघडं. दुकानात एक लांबलचक टेबल होतं. काचेला ओरखडा पडू नये म्हणून त्याच्यावर जुनं ब्लँकेट ताणून बसवलेलं. भिंतीवर चौकटींचे कोपरे नमुन्यासाठी टांगलेले, काही काळे, काही सोनेरी, काही नुसते लाकडी. माप घेणं आणि कापणं नवऱ्याचं, काच पुसणं, चित्र आत बसवणं, मागे पुठ्ठा ठोकणं आणि दोरी बांधणं बायकोचं. लग्न झाल्यापासून कामाची ही वाटणी कधी बदलली नव्हती.

नवऱ्याच्या हातात काच कापायची हिरकणी आली की दुकानात कुणी बोलायचं नाही. काचेवरून हिरकणी फिरते तेव्हा एकसारखा बारीक आवाज यायला हवा. तो मध्येच खरखरला तर काच रेघ सोडून भलतीकडेच तुटणार. फ्रेमवाला कापताना डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त विसंबायचा. मागच्या खोलीत जेवताना दुकानात सणासुदीपुरता ठेवलेला एखादा मदतनीस काच कापत असला, तर हा घास हातात धरून ऐकायचा आणि तिथूनच म्हणायचा, बरोबर आहे.

त्यांची एकुलती एक लेक एका जागी बसेल तर शपथ. म्हणून ती भिंगरी. पण आठवीत गेल्यावर गणिताचा तास असलेल्या दिवशी या भिंगरीचं पोट दुखायला लागलं. पोरीने नाक बापाचं घेतलं आणि गणित आपलं, हे आईच्या लक्षात आलं आणि तिला फार अपराध्यासारखं वाटलं. ती मोठ्याने हसून सांगायची ते सगळं पोरगी इतकी वर्षं ऐकत होती.

नववीत शाळेत गणिताला नव्या बाई आल्या. ठेंगण्या, चष्मा सदा कपाळावर ढकललेला, आणि बोलणं असं की समोरच्याला नाही म्हणायला फटच मिळू नये. पहिल्या पालकसभेत निम्म्या आईबापांनी एकच पालुपद लावलं, की आमच्या घरात कुणालाच गणित येत नाही. टक्कल नाहीतर चष्म्याचा नंबर घराण्यात असावा तसं ते सांगत होते, आणि मुलं शेजारी बसून ऐकत होती. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग आपलं म्हणणं मांडलं. दर आठवड्याला एक गणित घरी येईल. ते घरातल्या मोठ्या माणसाने मुलासमोर बसून सोडवायचं, आणि सोडवताना त्यात एक चूक मुद्दाम करायची. मुलाने ती शोधायची.

चूकच करायची आहे म्हटल्यावर कित्येक पालकांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी मग हळूच दुसरी अट सांगितली. नुसती चूक शोधून भागणार नाही. ही चूक कुणाला का होईल, ते मुलाने सांगायचं. कारण सांगितल्याशिवाय चूक सापडली असं धरायचं नाही.

भिंगरीच्या आईने पहिल्याच दिवशी अंग काढून घेतलं. मुद्दाम चूक करायला आधी बरोबर यावं लागतं, आणि मला तेच येत नाही, असं म्हणून ती काच पुसायला निघून गेली. फ्रेमवाल्याने मात्र खेळ मनावर घेतला. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर जाड पेन्सिलीने त्याने चित्र काढलं, तीस बाय वीसचं, आणि त्याच्याभोवती पाचची कोरी पट्टी सोडली. काच केवढी लागेल? त्याने तिसात पाच मिळवले, विसात पाच मिळवले, आणि पस्तीस बाय पंचवीस लिहून मिशीत हसत बसला.

भिंगरीने आख्खं जेवण त्या पुठ्ठ्याकडे बघत केलं. ताट उचलताना ती एकदम थांबली. पट्टी दोन्हीकडे असते, ती म्हणाली, म्हणजे पाच नाही, दहा मिळवायचे. आणि ही चूक कुणाला का होईल, असं बाबांनी विचारल्यावर तिने भाताचा हात तसाच हवेत धरून विचार केला आणि सांगितलं, की पट्टी गोल फिरून आलेली असते, म्हणून माणसाला ती एकच वाटते, पण ती डावीकडेही असते आणि उजवीकडेही. फ्रेमवाल्याने मांडीवर थाप मारली. त्या दिवसापासून पोरीचं पोट दुखायचं थांबलं.

मग काय विचारता. बाप चुका शोधून शोधून करायचा. कधी सेंटिमीटरमध्ये मिलिमीटर मिसळायचा, कधी चौकटीच्या लाकडाची जाडीच विसरायचा, कधी क्षेत्रफळाच्या जागी परिमिती काढून वर साळसूदपणे शीळ घालायचा. वर्गात भिंगरी छाती फुगवून सांगायची, की आमच्या बाबांसारख्या चुका कुणालाच जमत नाहीत. आई पलीकडे तोंड करून काच पुसत बसायची. काच कधीच लख्ख झालेली असायची, तरी ती पुसतच राहायची, कारण कान तिकडे लागलेले असायचे. कधी कधी चूक पोरीच्या आधी तिला कळायची. ते ती कुणाला बोलली नाही. इतक्या वर्षांनी आपल्याला गणितातलं काही कळतंय, हे कबूल करायचीही तिला चोरी वाटत होती.

असं तीन-चार महिने चाललं. त्या दिवसांत आपण किती सुखात होतो, हे भिंगरीच्या आईला फार उशिरा समजलं.

सुरुवात एका काचेने झाली. कुणाच्या तरी आजोबांच्या फोटोसाठी फ्रेमवाल्याने काच कापली आणि ती चौकटीत घातल्यावर दोन्हीकडून फट राहिली. तो हसला. म्हणाला, खेळाची सवय लागली बघ हाताला. तीही हसली. पण मग दुसरी काच लहान पडली, आणि तिसरीही. मोठी झालेली काच पुन्हा कापता येते, लहान झालेल्या काचेला कुणाचा इलाज चालत नाही. टेबलाखालची तुकड्यांची पेटी भरून वाहू लागली. मग एका सकाळी तो मोजायची टेप हातात घेऊन बायकोपाशी आला. चेहरा अगदी साधा, जणू पाणी कुठे ठेवलंय असं विचारायला आला असावा. टेपचं टोक दाखवून त्याने विचारलं, की हे कुठून वाचायचं असतं गं?

तिने त्याला दाखवलं, इथून.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मेंदूची चित्रं काढली, आणि आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं. त्या नावाचा अर्थ एवढाच होता, की हे वाढत जाणार आणि गेलेलं परत यायचं नाही. एवढ्या कमी वयात क्वचितच होतं, असंही ते म्हणाले, जणू त्यात काही मान होता. भिंगरीच्या आईला त्यांचा इतका राग आला की समोरचा पेपरवेट उचलावासा वाटला. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर एक चित्र तिरकं टांगलेलं होतं. निघताना फ्रेमवाल्याने ते दोन बोटांनी सरळ केलं, जरा मागे होऊन बघितलं, आणि मगच बाहेर पडला. दवाखान्याच्या जिन्यात तिला रडू कोसळलं.

घरी आल्यावर त्याने तिला टेबलापाशी बसवलं.

"पोरीला कळू द्यायचं नाही," तो म्हणाला. "तिला वाटतं मी मुद्दाम करतो. वाटू दे."

"आणि किती दिवस वाटेल?"

"खेळ चालेल तोवर. ज्या दिवशी कळेल की माझ्या चुका खऱ्या आहेत, त्या दिवशी ती शोधायची थांबेल. मग गणितही सुटेल तिचं. तू शब्द दे."

तिने शब्द दिला. देताना तिला हेही ठाऊक होतं की तो फक्त पोरीच्या गणितासाठी बोलत नाहीये. लेकीच्या डोळ्यांत आपण अजून तसेच आहोत, एवढी एक जागा त्याला राखायची होती. तीही गेली असती तर मग त्याच्यापाशी काय उरलं असतं?

त्या दिवसापासून तिने टेप हातात घेतली. तो हात धुवायला गेला की ती चित्र मोजायची, पट्टी दोन्हीकडची धरायची, आणि त्याने काचेवर केलेली खूण चुकीची असली तर पुसून बरोबर खूण करायची. तो परत येऊन त्या खुणेवर हिरकणी चालवायचा. हात अजून बिनचूक होता, आवाज अजून एकसारखा यायचा, नुसते आकडे त्याला सोडून चालले होते. गणिताला कायमची पाठ दाखवलेली बाई आता दिवसभर ओठांतल्या ओठांत बेरजा करत होती, आणि त्यात तिची चूक होत नव्हती. तिला त्याचा आनंद व्हायला हवा होता. होत नव्हता.

खेळातल्या चुका वाढल्या. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. भिंगरी त्या सगळ्या शोधायची आणि प्रत्येकीचं कारण सांगायची. बाबांनी सातच्या जागी एक वाचला कारण घाईत दोन्ही सारखे दिसतात. बाबांनी शून्य गाळलं कारण शून्याला काही किंमत नाही असं लोकांना वाटतं. एकेक कारण असं चपखल असायचं, की फ्रेमवाला स्वतःच मान डोलवायचा आणि आई सुटकेचा नि:श्वास टाकायची. पोरीला काही कळलेलं नाही. ती पूर्वीसारखी खोलीभर फिरत नाही, एका जागी बसून बापाच्या हाताकडे बघत राहते, हे आईला दिसत होतं. पोरगी मोठी होतेय, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

वर्ष संपत आलं तसं बाईंनी पालकांचा मेळावा ठरवला. प्रत्येक वर्गातून एका घरच्या माणसाने फळ्यापाशी यायचं, सगळ्यांसमोर गणित सोडवायचं, एक चूक करायची, आणि समोरच्यांनी ती शोधायची. नववीतून कोण, हे वर्गाने एका आवाजात ठरवलं होतं. बाई स्वतः दुकानात सांगायला आल्या. भिंगरीच्या आईने काही सबब सांगावी म्हणून तोंड उघडलं, तोवर फ्रेमवाला हो म्हणून मोकळा झाला होता.

बाई गेल्यावर ती त्याच्यावर चिडली. एवढ्या लोकांसमोर काही झालं तर?

तो म्हणाला, "ती वर्गात सांगून आलीय की माझे बाबा येणार. तू माझी तयारी करून घे."

भिंगरी शाळेत गेली की दोघं टेबलापाशी तयारी करायची. गणित तेच घेतलं, पहिलं, तीस बाय वीसचं. पट्टी पाचची. तीस अधिक दहा चाळीस, वीस अधिक दहा तीस. मग चौकटीला लाकूड किती? चाळीस अधिक तीस, सत्तर, आणि समोरच्या दोन बाजू मुद्दाम विसरायच्या. चूक ती एवढीच. सत्तर लिहायचे आणि थांबायचं. तो चहा पिताना सत्तर म्हणायचा, दाढी करताना सत्तर म्हणायचा. एकदा झोपेतून उठल्या उठल्या त्याने तिच्याकडे बघून सत्तर म्हटलं आणि दोघंही पोट धरून हसली. तसं हसणं त्या घरात पुन्हा झालं नाही.

मेळाव्याच्या दिवशी शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आखडून बसली होती. आधी आठवीतून कुणाचे तरी बेकरीवाले आजोबा आले. त्यांनी पावाचे आठ तुकडे करून नऊ जणांना वाटले आणि हिशोब जुळतोय असं शपथेवर सांगितलं. लोक हसून हसून लोळले. आजोबा खाली उतरायलाच तयार होईनात.

मग फ्रेमवाला उठला. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. तिने स्वतः बटणं लावून दिली होती. तो फळ्यापाशी गेला, चित्राचा आयत काढला, एकेक रेघ फूटपट्टी लावल्यासारखी सरळ. तीस लिहिले, वीस लिहिले, भोवती पट्टी काढून पाच लिहिले. भिंगरीच्या आईचा जीव टांगणीला लागला होता. ती मनातल्या मनात त्याच्याबरोबर लिहीत होती. त्याने लिहिलं, तीस अधिक दहा बरोबर चाळीस. तिने श्वास सोडला. त्याने पुढची ओळ लिहिली, वीस अधिक दहा बरोबर. तिथे हात थांबला. खडू फळ्याला टेकलेला तसाच राहिला. त्याने एकदा मागे वळून लोकांकडे पाहिलं, पुन्हा फळ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं, सत्तर.

आख्ख्या गणितातून त्याच्यापाशी चूक तेवढी उरली होती.

सभागृहात हात वर झाले. पुढच्या बाकावरचा एक मुलगा ओरडलाच, की वीस आणि दहा तीस होतात. सगळे हसले. एवढी सोपी चूक, असं कुणीतरी म्हणालं. बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, की ही चूक कुणाला का होईल? मुलगा खांदे उडवून म्हणाला, काकांना बेरीज येत नसेल. पुन्हा हशा झाला. फ्रेमवालाही हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. तो खडू या हातातून त्या हातात घेत होता. आता काय करायचं, हे त्याला आठवत नव्हतं.

तेवढ्यात भिंगरी उभी राहिली.

"मी सांगते," ती म्हणाली. "बेरीज येते म्हणूनच ही चूक झालीय. बाबा रोज हे काम करतात. वीस आणि दहा तीस, हे त्यांनी मनात केलं, आणि लगेच त्यात आधीचे चाळीस मिळवले. चाळीस आणि तीस सत्तर. म्हणजे हात मागे राहिला आणि डोकं पुढच्या पायरीवर गेलं. ज्याला काम येत नाही, त्याला ही चूक करताच येणार नाही."

मग बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढून भिंगरीकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळं सभागृह वाजवायला लागलं. फ्रेमवाल्याचा चेहरा उजळला. तो लोकांना म्हणाला, बघा, कशी धरली माझी पोर. पण भिंगरी बसली नाही. ती सरळ फळ्यापाशी गेली, बापाच्या हातातला खडू घेतला आणि म्हणाली, की ज्याने चूक शोधली त्यानेच गणित पुरं करायचं, असा नियम आहे. असा काही नियम नव्हता. बाईंनी मान हलवून असल्याचं सांगितलं. फ्रेमवाला टाळ्यांच्या कडकडाटात खाली आला आणि बायकोशेजारी बसला. त्याचा हात घामाने भिजला होता. तो तिने दोन्ही हातांत घेतला, पण तिचं सगळं लक्ष फळ्याकडे होतं. पोरीचा लिहिता हात स्थिर होता आणि मागे लपवलेल्या दुसऱ्या हाताची मूठ इतकी आवळलेली होती की बोटं पांढरी पडली होती.

मेळावा संपल्यावर फ्रेमवाल्याभोवती लोक जमले. बेकरीवाले आजोबा त्याला मिठी मारत होते. भिंगरी हात धुवायला मागच्या नळावर गेली, तिच्या मागोमाग आई गेली. खडू कधीच धुऊन गेला होता. तरी पोरगी नळाखाली हात धरून उभी होती.

"कधीपासून माहीत आहे तुला?" आईने विचारलं.

भिंगरीने मान वर केली नाही. "कारण सापडेनासं झालं तेव्हापासून," ती म्हणाली. "मुद्दाम केलेल्या चुकीला कारण असतं, आई. बाबा आधी ते विचार करून ठेवायचे, आणि मला ते सापडायचं. मग चूक दिसायची पण कारणच नसायचं. कितीही शोधलं तरी नसायचं."

"पण तू तर दर वेळी सांगायचीस."

"मी तयार करायचे. नाहीतर बाबांना कळलं असतं ना, की मला कळलंय."

आईने नळ बंद केला. इतके दिवस ती डोळ्यांत तेल घालून पोरीला सांभाळत होती, आणि पोरगी एकटीच बसून बापाच्या चुकांना कारणं शोधत होती, त्याला सांभाळत होती. आईला स्वतःचाच राग आला. गणित सुटेल म्हणे! हिने तर त्याच्यासाठी ते आणखी घट्ट धरून ठेवलं होतं.

"आई, तू बाबांना सांगू नकोस," भिंगरी म्हणाली. "शब्द दे."

नवऱ्याला दिलेला एक शब्द होताच, त्यात आता लेकीचाही आला. तिने मान हलवली. मग त्या नळापाशी दोघी एकमेकींना धरून रडल्या, आणि तोंडं धुऊन हसऱ्या चेहऱ्याने बाहेर आल्या.

पुढच्या आठवड्यात बाई एक फोटो चौकटीत बसवून घ्यायला दुकानात आल्या. जाता जाता सहज बोलल्यासारखं भिंगरीच्या आईला म्हणाल्या, की ज्यांना हवं त्यांनी खेळ उलटा खेळायलाही हरकत नाही. चूक मुलांनी करायची, शोधायची मोठ्यांनी. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, हिने काही सांगितलं नाही.

त्या दिवशी शाळेतून आल्यावर भिंगरीने आईकडून बाईंचं म्हणणं ऐकलं, पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि बाबांच्या शेजारी टेबलाला टेकून उभी राहिली. आज चूक माझी, ती म्हणाली. तिने चित्र काढलं, तीस बाय वीसचं. भोवती पाचची पट्टी. तीस अधिक पाच पस्तीस. वीस अधिक पाच पंचवीस. काच, पस्तीस बाय पंचवीस. बापाने तिला दिलेली पहिलीच चूक तिने त्याच्यासमोर ठेवली. याहून सोपी तिच्यापाशी नव्हती.

आईचा पुसता हात थांबला.

फ्रेमवाल्याने पुठ्ठा जवळ ओढला. एकेका ओळीवरून बोट फिरवलं, पुन्हा वरून सुरुवात केली. भिंगरी त्याच्या बोटाकडे बघत होती. ते बोट पाचवरून गेलं, थांबलं नाही, आणि खाली आलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "एकदम बरोबर. शाबास."

आणि त्याने कोपऱ्यातली काच उचलून टेबलावर आडवी केली, टेप लावून पस्तीसवर खूण केली आणि हिरकणी हातात घेतली. भिंगरीचे ओठ नुसते हलले.

"थांबा," भिंगरीची आई म्हणाली. "पट्टी दोन्हीकडे असते. दहा मिळवायचे."

फ्रेमवाला वळला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं नवल होतं की ती गडबडली. मग तो मोठ्याने हसला. "अगं, तू कधीपासून खेळायला लागलीस?" तो म्हणाला. "पण असं नाही चालत. आधी कारण सांग. ही चूक कुणाला का होईल?"

नियम त्याला आठवत होता. तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. काच पुसता पुसता, पाठमोरी बसून, केव्हातरी ऐकलेलं तिने जसंच्या तसं सांगितलं. "पट्टी गोल फिरून आलेली असते, म्हणून माणसाला ती एकच वाटते. पण ती डावीकडेही असते आणि उजवीकडेही."

"वा," तो म्हणाला. "हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मी?" त्याने भिंगरीकडे बघितलं. "मी हिला कधी शिकवलं?"

"रोज शिकवत होतात, बाबा," भिंगरी म्हणाली.

त्याने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. तो खेळ धरून बोलत होता की खेळाच्या बाहेर आला होता, हे भिंगरीच्या आईला कधीच कळलं नाही. त्याने हातातली हिरकणी तिच्यापुढे धरली. म्हणाला, एवढं येतं तर मग कापायचंही तूच. तिने आजवर हिरकणीला हात लावला नव्हता. माप घेणं आणि कापणं त्याचं, ही वाटणी कधी बदलली नव्हती. तिने ती घेतली. त्याची जुनी खूण पुसली, टेप लावली, चाळीसवर नवी खूण केली, आणि फूटपट्टी दाबून धरायला भिंगरी समोरून पुढे झाली.

फ्रेमवाला मागे सरून स्टुलावर बसला आणि त्याने डोळे मिटले. हिरकणी काचेवरून फिरली. बारीक, एकसारखा आवाज टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आला, आणि काच रेघेवर तुटली.

"बरोबर आहे," तो डोळे न उघडताच म्हणाला.